घाम आज्याचा, सही कुणाची?

"मेहनत कर, वर येशील." शाळेत मास्तर बोलले. मग पुढारी बोलला. मग टीव्हीवरचा शेठ बोलला. माझ्या आज्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यानं तेच केलं. तीस वर्षं गिरणीत, त्रासनखात्यात, कापसाची धूळ छातीत भरत.

पणजाही त्याच खात्यात. साचाखात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्या माणसाला मज्जाव. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आपली थुंकी लागली की सवर्ण कामगार बाटायचा! संपाच्या त्या वर्षांत, १९२८-२९ ला, बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. म्हणजे दोस्तहो, मेहनतीच्या दारातच जात उभी होती. १९३८ ला मनमाडात बाबासाहेबांनी रेल्वे कामगारांना दोन दुश्मन दाखवले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण एकीच्या नावानं बोंब मारतो आणि दुसरीच्या दारात अर्ज घेऊन रांग लावतो.

१८ जानेवारी १९८२. अडीच लाख गिरणी कामगार संपावर. आजाही गेला. परत आत गेलाच नाही. आजीनं दुसऱ्यांची भांडी घासली.

त्याच साली, २४ ऑगस्टला, भारत सरकारनं मॉरिशसशी करार केला. नाव सोज्वळ, दुहेरी कर टाळण्याचा करार. त्यातली मेख अशी की मॉरिशसच्या कंपनीनं इथले शेअर विकून नफा कमावला, तर कर फक्त मॉरिशसनं घ्यायचा. आणि मॉरिशस तो घेतच नव्हता. म्हणजे दुहेरी सोडा, एकेरीसुद्धा नाही. तिथं एक पत्ता घ्या, एक पाटी लावा, झालात तिकडचे.

२००० साली मुंबईतल्या आयकर अधिकाऱ्यांनी अशा गुंतवणूकदारांना नोटिसा काढल्या. शेअरबाजार गडगडला. १३ एप्रिलला दिल्लीहून परिपत्रक आलं, मॉरिशसचा रहिवासी दाखला असला की बास. हायकोर्टानं २००२ ला ते रद्द केलं, सुप्रीम कोर्टानं २००३ ला पुन्हा उभं केलं. करार बदलायला २०१६ उजाडलं. आपल्या पोराला जातीचा दाखला पाहिजे तर १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा हुडकावा लागतो. कुठून आणणार? आज्याचा बाप उकिरड्याच्या कडेला राहत होता.

मग करबुडव्यांना कोण पोसतं? दरोडेखोर नाही. सरकार पोसतं, वकील पोसतात, सीए पोसतात. आणि मीही पोसलेत.

मी बी.कॉम. झालो, एका सीएच्या ऑफिसात चिकटलो. पगार बारा हजार. शेठच्या बायकोच्या नावावर, मेव्हण्याच्या नावावर कंपन्यांचे कागद मी टाइप केले. एका कंपनीचा डायरेक्टर शेठचा ड्रायव्हर होता. आपल्याच वस्तीतला. बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. सही कर म्हटलं, केली. कागद त्याच्यापुढे मी सरकवला. साहेब याला टॅक्स प्लॅनिंग म्हणायचे. तीन वर्षांनी नोकरी सोडली. यात मर्दुमकी नाही, उशीरच झाला.

आजी अजून आहे. अंगाच्या साबणाच्या वडीवर ती २०१७ पासून १८ टक्के जीएसटी भरत आली, २०२५ च्या सप्टेंबरात तो ५ वर आला. शेठचा संपत्ती कर २०१५ च्या बजेटातच उडाला. मेलेल्या श्रीमंताच्या इस्टेटीवरचा कर तर १९८५ लाच गेला. २०१९ ला कंपन्यांचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. तरी सवलतींवर जगणारे फुकटे कोण? म्हणे आम्ही!

आजा आळशी नव्हता. त्याच्या घामाचा हिशेब दुसऱ्यांनी लिहिला, एवढंच. आता आपली पोरंही हिशेब लिहायला शिकलीत. सीए झालीत, वकील झालीत, आयकर खात्यात बसलीत. त्यांना माझा एकच सवाल आहे. पुढे आलेला कागद वाचता का, की नुसता सरकवता?

मी त्या ड्रायव्हरकडे जाणार आहे. त्यानं कशावर सही केली ते त्याला वाचून दाखवणार आहे. शिव्या देईल. देऊ दे.

जयभीम.