कडी लागली होती काय?

विमान पडले की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दोन शब्द हमखास येतात : मानवी चूक. या दोन शब्दांवर माझा राग आहे. ते खोटे असतात असे मी म्हणत नाही. पुष्कळदा ते खरेच असतात. परंतु ते एकदा छापून आले की चौकशीचा कागद कपाटात जातो, आणि ज्या कडीने दगा दिला तीच कडी, त्याच नमुन्यावरून, पुढच्या विमानाला बसवली जाते. माणसाची चूक झाली हे चौकशीचे उत्तर नसून तिची सुरुवात आहे, एवढे साधे आमच्या गळी उतरत नाही.

मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला मास्तर. कादंबऱ्या लिहितो ही त्यावरची आणखी एक नालायकी. विमानातले याला काय कळते, असे कोणी विचारील तर त्याला माझे सरळ उत्तर आहे की विमानातले मला काही कळत नसेल, पण कडी कळते. दार लागले आहे असे वाटणे आणि दार लागलेले असणे या दोहोंतला फरक गोठा असलेल्या प्रत्येक घरातल्या माणसाला कळतो.

२०२४ च्या जून महिन्यात एका डच वैमानिक बाईने एक चित्रफीत प्रसिद्ध केली आणि ती जगभर पाहिली गेली. त्याआधी काही काळ, कसरतीच्या उड्डाणाचे शिक्षण घेत असताना, जर्मन बनावटीच्या एक्स्ट्रा ३३० एलएक्स या विमानात ती एकटीच होती आणि डोक्यावरचे काचेचे झाकण, ज्याला वैमानिक ‘कॅनपी’ म्हणतात, हवेतच उघडून फुटले. डोळ्यांवर चष्मा नाही. वारा तोंडावर असा आदळत होता की श्वास घेणे कठीण, बघणे त्याहून कठीण. तशा स्थितीत तिने विमान सुखरूप खाली आणले. दृष्टी पूर्ववत व्हायला तिला अठ्ठावीस तासांच्या आसपास लागले. पुढे तिने स्वतःच जाहीर केले की कडीची खिटी मुळात पूर्ण बसलीच नव्हती आणि उड्डाणापूर्वी ते आपल्या ध्यानात आले नाही.

झाले! लोकांना दोन्ही हातांनी टाळ्या पिटायला विषय मिळाला. एकांनी तिच्या धैर्याचे गोडवे गायिले, दुसऱ्यांनी तिच्या निष्काळजीपणावर तोंडसुख घेतले. कादंबरीकार म्हणून मी जाणतो की वाचकाला एक तर नायिका हवी असते, नाही तर अपराधी. पण खिटी पूर्ण न बसताही झाकण बसल्यासारखे दिसते कसे, हा प्रश्न या दोन्ही पक्षांपैकी फार थोड्यांना पडला.

हे झाकण वर का जाते ते आधी समजून घेतले पाहिजे. विमान पळू लागले की झाकणाच्या फुगीर पाठीवरून हवा वेगाने सरकते आणि तेथला हवेचा दाब कमी होतो. म्हणजे वरून कोणीतरी झाकण ओढत असल्यासारखी स्थिती होते. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाचे झाकण अर्धवट अडकलेल्या कडीवरही मुकाट बसून राहते. हात लावा, हलणार नाही. ते उघडते ते विमानाने जमीन सोडल्यावर, वेग वाढत असताना. म्हणजे कडीची परीक्षा जमिनीवर होत नाही, ती हवेत होते. आणि नापास झाल्याचे कळते तेव्हा माणूस शे-दोनशे फूट वर असतो.

बिजागऱ्या कोठे आहेत यावर पुढचे अवलंबून. पुढच्या कडेला असल्या तर समोरचा वारा झाकणाला दाबतो आणि ते बहुधा वीतभर उघडून थरथरत राहते. बिजागऱ्या एका बाजूला असल्या तर वारा खाली शिरून ते उलथून टाकतो. मागे-पुढे सरकणारे झाकण त्यातल्या त्यात गरीब. पायपर चेरोकीसारख्या विमानांत झाकण नसते, उजव्या बाजूला एकच दार असते आणि त्याला दोन कड्या, एक कडेला व एक माथ्यावर. माथ्यावरची विसरली की दार थोडेसे उघडते आणि भयंकर आवाज करते. विमान मात्र चालते! सांगण्यासारखी गोष्ट ही आहे. दार किंवा झाकण उघडल्यामुळे विमान पडलेच पाहिजे असे नाही. पुष्कळदा माणसे मरतात ती कडी लावायला हात पुढे केल्यामुळे. नाक वर, वेग कमी, लक्ष कडीवर. पंखांखालचा आधार सुटतो आणि विमान एका कुशीवर कोसळते. म्हणून जाणते शिक्षक शिकवतात : दार उघडले तर उघडू दे, आधी विमान चालव.

माझी एक विद्यार्थिनी वैमानिक व्हायला गेली. गावचे नाव सांगत नाही आणि तिच्या संस्थेचेही नाही. या शिक्षणाला चाळीस-पन्नास लाख लागतात. तिच्या वडिलांनी रस्त्याकडेची जमीन विकली, उरलेले कर्ज काढले. एकटीने घेतलेल्या सुरुवातीच्या एका उड्डाणात तिच्या विमानाचे झाकण वीतभर उघडले. नकाशा उडून गेला, कानात वाऱ्याखेरीज काही ऐकू येईना. पोरीने झाकणाकडे पाहिले नाही. धावपट्टीला वळसा घालून ती खाली उतरली. सुट्टीत घरी आली तेव्हा मला म्हणाली, “सर, दांडा पुढे होता. मी हात लावून बघितला होता. आतला आकडाच धरला नव्हता, आणि तो बसल्या जागेवरून दिसत नाही.”

तिच्या शिक्षकाने तिची पाठ थोपटली आणि बजावले की हे कोठे लिहू नकोस. लिहिलेस तर चौकशी लागेल, तुझे तास थांबतील, विमान हँगरात पडून राहील. तिने लिहिले नाही. कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो. तिला मी दोष देणार नाही. तिच्या उड्डाणवहीत त्या दिवसापुढे मिनिटांचा आकडा आहे आणि शेऱ्याची जागा कोरी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच विमानात दुसरे पोर बसले.

दांडा पुढे आणि आकडा मोकळा! या एका दोषाने जगाला केवढे शिकवले असते, शिकायचे असते तर. लहान विमान शेतात पडले आणि एक-दोन माणसे गेली तर त्याच्या कडीवर कोणी ग्रंथ लिहीत नाही, म्हणून मोठ्या विमानाचा दाखला घेतो. डीसी-१० या विमानाचे मागचे सामानाचे दार बाहेर उघडणारे होते. १२ जून १९७२ रोजी कॅनडातील विंडसरवरून जाताना ते उडाले. वैमानिकांच्या कौशल्याने सगळे वाचले. दार लावताना दांडा बसेना म्हणून कामगाराने गुडघ्याने रेटून बसवला होता, आणि दांडा बसला, आकडे बसले नव्हते. तीच गोष्ट! त्यानंतर पंधरा दिवसांत, २७ जून रोजी, विमानाचा सांगाडा बनवणाऱ्या कॉन्व्हेअर कंपनीतील ॲपलगेट नावाच्या अभियंत्याने वरिष्ठांना लिहून कळवले की ही दारे पुन्हा उघडतील आणि विमान हातचे जाईल. खर्च कोणी सोसायचा या चिंतेने ते पत्र डग्लस कंपनीला गेलेच नाही. अमेरिकेच्या विमानखात्याने सक्तीचा हुकूम काढण्याऐवजी कंपनीशी तोंडी समझोता केला. दुरुस्ती सुचवली गेली. तुर्की विमानकंपनीच्या एका विमानावर ती झाली असल्याची नोंद कागदावर झाली, विमानावर मात्र झाली नव्हती. (हे वाचताना मला क्षणभर आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या पाझर तलावाची आठवण झाली.) ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून ते विमान निघाले, थोड्याच मिनिटांत दार उडाले, तळफळी खचली, तिच्याखालून जाणाऱ्या सुकाणूच्या तारा तुटल्या, आणि एर्मेनोनव्हिलच्या जंगलात ३४६ माणसे मेली.

आरंभी बोट कोणाकडे दाखवले गेले? दार लावणाऱ्या हमालाकडे. तो मूळचा अल्जीरियाचा. तीन भाषा लिहिणारा-वाचणारा. पण दारावरच्या सूचना होत्या इंग्रजी व तुर्की भाषेत, आणि त्या दोन्ही त्याला येत नव्हत्या. आकडे बसले की नाही ते पाहायला एक इवलीशी काच होती; तीतून काय पाहायचे हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि ते पाहणे त्याचे कामही नव्हते. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा याहून चोख नमुना मला ठाऊक नाही.

यावर माझ्याशी वाद घालणारे म्हणतात, सगळेच यंत्रावर सोपवले तर वैमानिक गाफील होईल; खरा उपाय म्हणजे शिस्त. शिस्त मला प्रिय आहे, तिच्यावरच माझे पोट चालते. पण शिस्तीच्या या भक्तांना त्यांच्या तपासयादीचा जन्म ठाऊक आहे काय? ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील डेटनजवळ बोइंग कंपनीचे नवे चार इंजिनांचे बॉम्बफेकी विमान उड्डाण करताच कोसळले. शेपटीचे सुकाणू वाऱ्याने हलू नये म्हणून जमिनीवर जो अडसर लावतात तो काढायचा राहिला होता. विमान चालवीत होता मेजर हिल, लष्कराच्या कसलेल्या परीक्षक वैमानिकांपैकी एक. त्या अपघातात तो मेला, आणि कंपनीचा वैमानिक टॉवर नंतर जखमांनी मेला. त्या वेळी शहाण्या माणसांनी, हिल गाफील होता, असा शेरा मारून फाइल मिटली नाही. असा माणूस विसरतो, तर कोणीही विसरेल, असे म्हणून त्यांनी यादी केली. तपासयादी ही शिस्तीची प्रशस्ती नव्हे, माणसाच्या विस्मरणाची दिलेली कबुली आहे. ती कबुली कागदावर देता, मग कडीत का देत नाही?

दुसरा आक्षेप वजनाचा आणि पैशाचा. लहान विमानात तोळ्यातोळ्याचा हिशेब असतो म्हणतात. दार उघडे असल्याचा इशारा देणारी सोय किती जड असणार? ऑस्ट्रियन कारखान्याच्या डीए-४० या शिकाऊ विमानात ती आहे. आपल्या गोंदियाच्या बिरसी धावपट्टीवर शिकणाऱ्या पोरांना ती परिचित असेल. मात्र दिव्यावरही आंधळा विश्वास नको. ओर्लीच्या त्या विमानात इशाऱ्याचा दिवा होता आणि दार अर्धवट असताना तो विझला होता, कारण त्याचे बटण चुकीचे जुळवलेले होते. बटणाने आकड्याला विचारले पाहिजे, दांड्याला नव्हे. आणि आकडा बसला नसेल तर दांडा मुळी बसताच कामा नये, कितीही गुडघा लावा. एवढे साधता आले नाही तर निदान आकडा वैमानिकाच्या नजरेसमोर असावा, लाल रंग दिसला तर उघडा, न दिसला तर बंद. हे सुताराला सांगितले तर तो दुपारपर्यंत करून देईल.

आणि ती कोरी जागा? १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनकडे येणारे टीडब्ल्यूए कंपनीचे विमान व्हर्जिनियातील एका डोंगरावर आपटून ९२ माणसे गेली. सुमारे सहा आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचे एक विमान त्याच डोंगरावर आपटता आपटता वाचले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. इतरांपर्यंत ते पोचले नाही. त्यानंतर १९७६ साली अमेरिकेत वैमानिकांचे अनुभव गुप्तपणे गोळा करण्याची व्यवस्था नासा या संस्थेकडे सोपवली गेली. विमानखात्याकडे नाही, कारण दंड करणाऱ्याकडे कोणी मोकळेपणाने लिहीत नाही. जाणूनबुजून नियम मोडला नसेल आणि दहा दिवसांत लिहून कळवले तर शिक्षेतून सवलत मिळते. वर्गात दौत सांडली तर मी काय करतो यावर पुढच्या वेळी पोरगा मला सांगतो की फळ्यामागे पुसतो हे ठरते. हे समजायला नासा लागत नाही, पण नासाने केले म्हणजे तरी आमच्याकडे ते ऐकले जावे.

आमच्या शिकवणाऱ्या संस्थांत उलट चालते. झाकण उघडल्याचे सांगणाऱ्या पोराचे तास थांबतात, आणि न सांगणारा वेळेवर परवाना घेतो. मग कोणती कडी किती वेळा फसली हे कोणाला कळणार, आणि कारखान्याला पत्र कोण लिहिणार? प्रत्येक हँगरात एक वही टांगा, तीत नाव न घालता लिहू द्या, आणि ती वही महिन्याच्या महिन्याला सर्व संस्थांत फिरवा. एका वहीला किती पैसे पडतात ते मला, शाळेचा मास्तर म्हणून, पक्के ठाऊक आहे.

शेवटची मागणी ऐकून विमानवाले हसतील. विमाने पुसणारी, ढकलणारी, ऊन लागू नये म्हणून झाकण लावणारी जी माणसे आपल्याकडच्या धावपट्ट्यांवर राबतात, त्यांच्यासाठी कडीजवळ मराठीत दोन ओळी चिकटवा : आकडा कोठे बसतो आणि बसला हे कसे ओळखायचे. विमानविद्येची भाषा इंग्रजी आहे हे मला माहीत आहे. ओर्लीच्या त्या दारावरही इंग्रजीच होती.