‘काही होणार नाही’ म्हणणाऱ्यांच्या शहरात

मार्च 2018. औरंगाबाद, तेव्हा शहराचं नाव हेच होतं, कचऱ्यानं वेढलं होतं. वर्षानुवर्षं सोसलेला कचरा डेपो नारेगावच्या लोकांनी बंद पाडला होता आणि महापालिकेकडे दुसरी जागाच नव्हती. कचरा टाकायला विरोध करत मिटमिट्यात दगडफेक झाली. ‘या शहराचं काही होणार नाही’ हे वाक्य गुलमंडीपासून सिडकोपर्यंत नमस्कारासारखं वापरलं जात होतं. त्याच महिन्याच्या 27 तारखेला याच शहरात डॉ. गंगाधर पानतावणे यांचं निधन झालं.

पानतावणे मूळचे नागपूरचे. मिलिंद महाविद्यालयात आणि पुढे विद्यापीठात त्यांनी मराठी शिकवलं. 2009 मध्ये अमेरिकेत सॅन होजेला झालेल्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. निधनाच्या दोनच महिने आधी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. हे मानसन्मान बाजूला ठेवले तरी एक काम उरतं, आणि तेच मोठं आहे: ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक.

साठचं दशक संपत आलं होतं. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1950 साली सुरू केलेल्या मिलिंदमध्ये खेड्यापाड्यांतून आलेली, घरातली पहिलीच शिकणारी मुलं लिहू लागली होती. त्यांच्या अनुभवाला प्रतिष्ठित मासिकांत फारशी जागा नव्हती. यावर चिडून बसणं सोपं होतं, आणि ते चुकीचंही ठरलं नसतं. पण अमेरिकेत शिकून आलेले, तिथलं कृष्णवर्णीयांचं साहित्य जाणणारे प्राचार्य म. ना. वानखडे आणि प्राध्यापक पानतावणे यांनी आधी ‘अस्मिता’ आणि मग ‘अस्मितादर्श’ काढलं. दया पवार, वामन निंबाळकर अशा कवींना तिथे जागा मिळाली. पवारांचं ‘बलुतं’ हे आत्मकथन यायला अजून दहा वर्षं होती.

प्रोत्साहन म्हणजे पाठीवर थाप, असं आपण धरून चालतो. थापेला पैसे पडत नाहीत! त्रैमासिकाला पडतात. कुणाचं तरी गिचमिड अक्षर लावायचं, मुद्रितं तपासायची, वर्गणीदार सांभाळायचे, अंक टपालात टाकायचे, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तेच. पानतावण्यांनी हे जवळपास पन्नास वर्षं केलं. दरम्यान 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांची घरं जळाली. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावं लागलं. निराश व्हायला याहून सबळ कारण कुणाकडे असणार? तरी अंक निघत राहिला.

यावर नेहमीचा आक्षेप येतोच: मग काय, सगळ्याचं कौतुकच करायचं? महापालिकेला जाब विचारायचा नाही? नळाला कितीतरी दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात गोडगोड बोलायचं? अजिबात नाही. बाबासाहेबांनी महाविद्यालयाला नाव दिलं तेच भिक्खू नागसेनाला अवघड प्रश्न विचारणाऱ्या राजाचं. पण मिलिंद उत्तर ऐकायला थांबत होता. कडवटपणाला उत्तर नकोच असतं. तो प्रश्नचिन्ह लावतो आणि चहाचा कप ठेवून निघून जातो. ‘अस्मितादर्श’नं प्रस्थापितांना झोडपलंच, पण झोडपताना नव्यांसाठी पानं मोकळी ठेवली.

याच शहरात छावणीजवळ खाम नदीच्या पात्रातला गाळ आणि कचरा अलीकडे उपसला गेला, तेव्हाही ‘पुढच्या पावसात बघा’ म्हणणारे होतेच. त्यांची शंका चूक नव्हती. नदीत सांडपाणी सोडणं थांबेपर्यंत काम अर्धंच आहे. पण काठावर हातमोजे घालून उतरलेल्या पोरांना या शंकेचा उपयोग शून्य.

दिवाळी अंकांच्या संपादकांना, वाचनालयांच्या कार्यवाहांना आणि शिक्षकांना म्हणून एकच विनंती. अनोळखी नावाचं लिखाण आलं तर ते वाचा आणि दोन ओळींचं का होईना, उत्तर पाठवा. नकार असेल तर कारणासकट पाठवा.