गोऱ्ह्याला जपता, रिक्रुटाला का नाही?



लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली जवान आणि किसान एका घोषणेत बांधले. दिल्लीकरांना ती घोषणा अजून पाठ आहे. जवान आणि किसान बहुतेक वेळा एकाच घरचे असतात, हे मात्र ते सोयीस्करपणे विसरतात. थोरला औतामागे, धाकटा फौजेत, ही आपल्या मुलखातली जुनी वाटणी. साताऱ्याचे अपशिंगे किंवा शिरोळ तालुक्यातले सैनिक टाकळी ही गावे फौजेची म्हणून ओळखली जातात. त्यांच्या शौर्याविषयी शंका घेण्याची कोणाची प्राज्ञा नाही. पण शेतात घामाला दाम मिळाला असता तर भरतीच्या मैदानावर आज एवढी झुंबड उडाली असती का, हे विचारायला आम्ही कचरत नाही.

भरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत धावले की ६० गुण, दहा बीम काढले की ४०. या शंभर गुणांसाठी गावोगावची पोरे पहाटे डांबरी सडकेवर धावतात. पायात झिजलेले बूट, पोटात भाकरी आणि खर्डा. घरी म्हैस असते, पण दूध डेअरीला जाते. ते नेले नाही तर आठवड्याच्या बाजाराला पैसा नाही. ज्या वयात हाड भरायचे त्या वयात पोराच्या वाट्याला दूध नाही. शेतीमालाच्या भावाचा आणि सैनिकाच्या नडगीचा संबंध असा आहे, तो मंत्रालयातल्या कागदावर सापडायचा नाही.

असे पोर मग बेळगावला किंवा दुसऱ्या एखाद्या केंद्रात दाखल होते. सकाळी पीटी, मग टाच आपटत परेड, मग रायफल घेऊन, पाठीवर पिट्ठू बांधून पळणे. छाती लवकर तयार होते, हाड होत नाही. हाडावर नवा भार पडला की जुने हाड आधी झिजते आणि नवे मागाहून भरते. मधल्या काही आठवड्यांत ते कच्चे असते. त्याच आठवड्यांत भार वाढवीत नेला तर नडगीला किंवा पावलाच्या हाडाला बारीक चीर जाते. हा काही नवा शोध नव्हे. प्रशियाच्या फौजेतल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने १८५५ साली कूच करून आलेल्या शिपायांची सुजलेली पावले नोंदवून ठेवली. पुढे १८९७ मध्ये क्ष-किरणाखाली दिसले की ती सूज मोडलेल्या हाडाची होती.

आपल्यातला अडाणीतला अडाणी शेतकरीही नव्या गोऱ्ह्याला पहिल्या दिवशी नांगराला जुंपत नाही. आधी मानेला जुवाची सवय, मग हलके काम, खांदा सुजला तर विसावा. गोऱ्ह्याला पैसे पडलेले असतात ना!

उन्हाचेही तसेच. अमेरिकेत पॅरिस आयलंड येथे मरीन दलाच्या रिक्रुटांना उष्माघात होऊ लागला, तेव्हा १९५० च्या दशकात तिथे तापमान, दमटपणा आणि ऊन एकत्र मोजून कवायत कधी थांबवायची ते ठरवले गेले. त्याने बळी घटले, फौज काही लेचीपेची झाली नाही. आपल्याकडे २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलिसभरतीत पाच किलोमीटर धावताना तरुण दगावले, तेव्हा कुठे अंतर कमी करण्याची बुद्धी झाली. झारखंडात २०२४ मध्ये शिपाईभरतीत दहा किलोमीटर धावताना दहाहून अधिक उमेदवार गेले, मग वेळ सकाळची केली. आधी मढी, मग नियम.

आता कोणी म्हणेल, सैनिक कडकच हवा. हवाच. पण चिरलेल्या हाडावर धावून कोणी कडक होत नाही, लंगडा होतो. आणि पोर दुखणे सांगत नाही. सांगितले तर मागच्या तुकडीत ढकलतील किंवा घरी पाठवतील ही धास्ती. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने ही धास्ती वाढवली, असे आमचे मत आहे. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चौघांत एकच कायम, उरलेल्या तिघांच्या हाती सुमारे पावणेबारा लाख रुपयांचा सेवानिधी; पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. सेवेमुळे अपंगत्व आले तर प्रमाणानुसार ४४, २५ किंवा १५ लाख रुपये एकदाच. विसाव्या वर्षी गुडघा गेलेल्या पोराने पुढची चाळीस वर्षे काढायची कशी? नांगर धरायलाही तो गुडघाच लागतो. ऑफिसर होण्यासाठी गेलेल्या आणि प्रशिक्षणात जायबंदी होऊन परतलेल्या कॅडेटांचा प्रश्न २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हाती घेतला, तेव्हा सरकारने त्यांच्या उपचारांची सोय केली. चांगले झाले. पण शिपाई व्हायला गेलेल्या पोराचे काय?

आमची मागणी साधी आहे. पहिल्या आठवड्यांत धावणे आणि ओझे पायरीपायरीने वाढवावे. दुखणे सांगणाऱ्याची जागा राखून ठेवावी. प्रशिक्षणात जायबंदी झालेल्याला, अपंगत्व कितीही टक्के भरो, त्या दुखण्याचे औषधपाणी जन्मभर फुकट मिळावे. सरकारला हे जड जात असेल तर जवानाच्या नावाने मते मागणे तरी थांबवावे.

तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी बैठकीला येण्यापूर्वी आपापल्या गावांत फिरून भरतीतून किंवा ट्रेनिंगमधून जायबंदी होऊन परतलेल्या पोरांची माहिती घ्यावी. डिस्चार्जचा कागद आणि दवाखान्याचे कागद यांच्या झेरॉक्स सोबत आणाव्यात. पोर यायला लाजत असेल तर त्याच्या आईला घेऊन या.