तोंडी बेरीज : पाठ कीं खेळ ?

आपल्या शाळेच्या प्राथमिक विभागांत अलीकडे गणिताच्या तासाला चिंचोके, कवड्या आणि सोंगट्या यांचा आवाज ऐकूं येतो. त्यावरून कांहीं पालकांनीं मला प्रेमानें, तर कांहींनीं किंचित् रागानें विचारलें, "गुरुजी, मुलें शाळेंत खेळावयास येतात कीं शिकावयास ?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर देणें माझें कर्तव्य आहे.

प्रथम माझीच एक चूक सांगतों. शिक्षकाच्या कामांत नवीन असतांना मीं दुसरीच्या वर्गाला विचारलें, "आठ आणि सहा किती ?" एक मुलगा बाकाखालीं हात नेऊन बोटें मोजूं लागला. मीं त्याला हात वर करावयास लाविलें व सर्वांदेखत म्हटलें, "बोटें मोजावयाचीं असतील तर बालवर्गांत जाऊन बैस." वर्ग हंसला. त्या दिवसापासून त्या मुलानें बोटें मोजणें सोडलें. परंतु उत्तर देणेंहि सोडलें. वर्षभर तो गणिताच्या तासाला मान खालीं घालून बसे. बोटें ही त्याची काठी होती. चालावयास शिकविण्यापूर्वींच मीं ती हिसकावून घेतली.

मग चालावयास कसें शिकवावें ? आठाला दहा होण्यास दोन हवेत. सहांतून दोन दिले, चार उरले. दहा आणि चार चौदा. ही रीत सोपी आहे, पण आठाचा जोडीदार दोन, साताचा तीन, सहाचा चार, हें मुलाच्या जिभेवर असेल तरच. उपदेशानें तें जिभेवर येत नाहीं. दहा चिंचोके घ्यावे, कांहीं मुठींत झांकावे, उरलेले दाखवावे आणि विचारावें, "मुठींत किती ?" मूल हा खेळ दहा वेळां आनंदानें खेळतें, तीच गोष्ट दहा वेळां लिहावयास सांगितली तर कंटाळतें.

सापशिडीचेंहि तसेंच. दोन फांसे घेऊन खेळतांना तीन आणि पांच पडले, तर लहान मूल प्रथम सगळे ठिपके एकापासून मोजतें. कांहीं दिवसांनीं, सोंगटी पुढें नेण्याच्या उत्सुकतेनें, तें पांच मनांत धरून 'सहा, सात, आठ' असें मोजूं लागतें. मोठी संख्या धरून पुढें मोजावें, हा धडा फांशांनींच शिकविला.

संख्या मोठ्या झाल्या कीं त्या फोडावयास शिकवावें. सत्तेचाळीस आणि छत्तीस : चाळीस व तीस सत्तर, सात व सहा तेरा, मिळून त्र्याऐंशी. येथें आपल्या मराठी संख्यानामांची एक अडचण येते : 'सत्तेचाळीस' म्हणतांना सात आधीं येतात, चाळीस मागाहून. २०१९ सालीं दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांत 'वीस एक, वीस दोन' असें वाचन आलें, तेव्हां महाराष्ट्रांत मोठा वाद झाला. माझ्या मतें संख्येची फोड समजण्यास नवें वाचन उपयोगी आहे, पण जुनीं नांवें टाकूं नयेत. त्यांत एक देणगी दडलेली आहे. 'एकोणचाळीस' म्हणजे एक उणा चाळीस. एकोणचाळीस आणि सव्वीस मिळवावयाचे असतील, तर सव्वीसांतला एक देऊन चाळीस पुरे करावे, राहिले पंचवीस, उत्तर पासष्ट. ही युक्ति मराठी भाषा मुलाच्या कानांत रोज सांगत असते; ती ऐकावयास आपण त्याला शिकवीत नाहीं, इतकेंच.

वडील मंडळी म्हणतील, "आम्ही पावकी, निमकी, दिडकी घोकलीच ना ?" खरें आहे. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे असत, आणि त्या बाजारांत तें पाठांतर रोज कामास येई. पाठांतराचा मी शत्रु नाहीं. परंतु वापरांतून पाठ झालेलें टिकतें, आणि धाकानें पाठ केलेलें धाक संपतांच जातें. कोणी म्हणेल, आतां हिशेब यंत्र करतें. करतें खरें, पण बोट चुकून भलत्या कळीवर पडलें, हें ज्याच्या मनांत अंदाज आहे त्यालाच कळतें.

तथापि नुसता खेळ म्हणजे शिक्षण नव्हे. खेळ थांबवून "कसें केलेंस ?" असें विचारणारा कोणी नसेल, तर चिंचोके चिंचोकेच राहतात. तसेंच, जो आधीं ओरडेल तो जिंकला, असे खेळ मीं बंद केले आहेत. कारण त्यांत मागें राहणारा मूल पुन्हां मान खालीं घालतो. आमच्या वर्गांत जो एकाच बेरजेच्या दोन रीती सांगेल, त्याला टाळ्या मिळतात.

देवळालीच्या शाळेंत शिकविणारे द. रा. कापरेकर आयुष्यभर आंकड्यांशीं खेळले आणि त्या खेळांतच त्यांना ६१७४ ही विलक्षण संख्या गवसली. प्रत्येक मूल कापरेकर होणार नाहीं. पण कोणत्याहि मुलानें आंकड्यांना भ्यावें असें कारण नाहीं.

म्हणून पालकांस विनंति कीं, रात्रीं जेवणानंतर पांच मिनिटें दहा चिंचोके घेऊन मुलाजवळ बसावें. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनो, धाकट्या भावंडांशीं तुम्हीहि खेळा. आणि तें बोटें मोजूं लागलें, तर मोजूं द्या. काठीची गरज संपली कीं तें आपणच ती कोपऱ्यांत ठेवील.