पूर ओसरतो, जात ओसरत नाही : केरळमधील चर्चच्या मदतकार्यातून आपण काय घ्यायचे?

ऑगस्ट 2018 मध्ये केरळच्या चौदाही जिल्ह्यांत रेड अलर्ट होता. राज्यातील 54 पैकी 35 धरणांचे दरवाजे उघडावे लागले. चारशेहून अधिक माणसे गेली आणि दहा लाखांहून अधिक लोक छावण्यांत आले. त्या काळात चर्चने उभे केलेले मदतकार्य आजही अभ्यासण्यासारखे आहे. दर पावसाळ्यात आपल्याही वस्त्या पाण्याखाली जातात, म्हणून हा विषय आपला आहे.

चर्चची ताकद पैशात आहे, असे आपण सहज म्हणतो. पैसा आहेच, पण त्याआधी रचना आहे. कॅथलिकांची कारितास इंडिया 1962 पासून काम करते, तर प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चची 'कासा' ही संस्था 1947 पासून. त्यांच्या खाली गावोगावचे पॅरिश असते. कोणत्या घरात म्हातारे माणूस अंथरुणावर आहे, कोणती बाई गरोदर आहे, हे तिथे आधीच माहीत असते. शाळेची इमारत, दवाखाना आणि हिशेबाची वही तयार असते. संकट आल्यावर समिती नेमायची वेळ येत नाही.

तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर हेच दिसले. लॅटिन कॅथलिक चर्चने मच्छीमार वस्त्यांत निरोप दिला आणि होड्या ट्रकवर चढून पूरग्रस्त भागाकडे निघाल्या. किनारपट्टीवरचे मुस्लिम आणि हिंदू मच्छीमारही उतरले. सरकारी आकड्यांनुसार 669 होड्यांनी सुमारे 65 हजार लोकांना वाचवले. सरकारने होडीमागे रोज 3 हजार रुपये जाहीर केले, तेव्हा अनेकांनी ते घ्यायचे नाकारले. अवघ्या नऊ महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर 2017 च्या ओखी वादळात याच किनाऱ्याने आपली माणसे गमावली होती.

आता दुसरी बाजू. ज्यांना एरवी खालचे समजले जाते, त्या मच्छीमारांच्या खांद्यावर पाय देऊन सवर्ण कुटुंबे होडीत चढली. पण पाणी उतरण्याआधीच जात वर आली. अलप्पुळा जिल्ह्यातील एका छावणीत सवर्ण ख्रिश्चन कुटुंबांनी दलितांसोबत राहायला नकार दिल्याच्या बातम्या आल्या. हा भेद नवा नाही. पोयकयिल योहन्नान, म्हणजेच पोयकयिल अप्पच्चन, यांनी चर्चमधला जातिभेद पाहून विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच चर्च सोडले आणि प्रत्यक्ष रक्षा दैव सभा स्थापन केली. धर्म बदलला तरी वस्ती बदलली नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

वस्तीचा प्रश्न थेट जमिनीशी जोडलेला आहे. केरळच्या जमीन सुधारणेत कुळांना शेती मिळाली. शेतात राबणाऱ्या दलितांना मात्र झोपडीखालची जागा मिळाली, तीही खेड्यात फार तर 10 सेंट, म्हणजे चार गुंठे. कुट्टनाडमध्ये समुद्रसपाटीपेक्षा खालची शेती ज्यांनी चिखलात उभे राहून तयार केली, तेच भूमिहीन राहिले. पीक बुडाले की भरपाई सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला मिळते. मजुराची बुडालेली मजुरी पंचनाम्यात येत नाही. चर्चचे धान्य या माणसापर्यंत पोहोचते, पण जमीन पोहोचत नाही.

दलित ख्रिश्चनांची अडचण आणखी एक आहे. 1950 च्या राष्ट्रपती आदेशामुळे ते अनुसूचित जातींत मोडत नाहीत, त्यामुळे छावणीत जातीवरून अपमान झाला तरी ॲट्रॉसिटी कायदा त्यांच्या मदतीला येत नाही. याच आदेशात बौद्धांचा समावेश व्हायला 1990 उजाडले. 1956 नंतरची ती 34 वर्षे आपल्या आईवडिलांनी भोगली आहेत. आरक्षणाच्या वाटणीबद्दल आपल्यात मतभेद असतील, पण अपमानापासून संरक्षण मिळण्याबद्दल मतभेद असू नये.

'मदतीच्या नावाखाली धर्मांतर' ही ओरड आपण तपासल्याशिवाय उचलू नये. भाकरीसाठी माणूस धर्म बदलतो, हा आरोप आपल्यावरही झालेला आहे. भाकरीच्या बदल्यात कोणी श्रद्धा मागत असेल तर ते चूकच. पण जो पुराच्या पाण्यात उतरलाच नाही, त्याला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार किती?

मग आपण काय करतो? 2019 मध्ये कोल्हापूर-सांगली, 2021 मध्ये महाड-चिपळूण, 2025 मध्ये मराठवाडा. प्रत्येक वेळी आपले तरुण टेम्पो भरून धान्य घेऊन गेले, याचा अभिमान आहे. पण आठ-दहा दिवसांत टेम्पो परततो आणि खरी लढाई त्यानंतर सुरू होते : पंचनाम्यात नाव, घराचा कागद, मजुरांची नोंद, मुलांची पुस्तके.

तैवानमध्ये 1966 साली भिक्खुणी चेंग येन यांनी तीस गृहिणींना सोबत घेऊन त्झू ची संस्था सुरू केली. बाजाराला जाण्याआधी रोज काही सेंट बांबूच्या नळीत टाकायचे, एवढाच नियम. आज ती जगभर आपत्तीत धावून जाते. दान पारमिता आपण रोज म्हणतो, तिथे तिचा हिशेब ठेवला गेला.

आपल्याकडे गावोगावी विहार आहेत, समता सैनिक दल आहे, वकील आणि शिक्षक झालेली पिढी आहे. मृग लागण्याआधी प्रत्येक विहारात तीन गोष्टी तयार असाव्यात : नदीकाठच्या आणि सखल घरांची यादी, कागदपत्रांच्या प्रती, आणि पंचनाम्याच्या वेळी तलाठ्यासोबत फिरणारे चार तरुण. यादीत मातंग, भटके, मुस्लिम, आदिवासी अशी वस्तीतली सगळी घरे असावीत. केरळच्या छावणीत जी रेषा ओढली गेली, ती आपल्या यादीत दिसता कामा नये.