बंद पानांची यादी कोण ठरवतं?

कल्याणच्या एका शाळेत मी दर शनिवारी नववी-दहावीच्या मुलामुलींना कॉम्प्युटर शिकवायला जातो. मागे एका मुलीला विज्ञानाच्या प्रकल्पासाठी स्तनांच्या कर्करोगाची माहिती हवी होती. स्क्रीनवर लाल पाटी आली: हे पान बंद आहे. शेजारची मुलं हसली. ती अशी ओशाळली, जणू तिनेच काही घाणेरडं शोधलं होतं. तिच्या खालाला हाच आजार आहे, हे मला नंतर कळलं.

फिल्टरला अर्थ कळत नाही. तो शब्द जुळवतो, नाहीतर कुणीतरी आखलेल्या रकान्यांत साइट टाकतो. 1996 साली इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना अमेरिका ऑनलाइनचं खातंच उघडता येईना, कारण गावाच्या इंग्रजी नावात एक शिवी दडलेली होती! काही सॉफ्टवेअरमध्ये ‘धर्म’ असाही रकाना असतो. त्यावर टिचकी मारली की कुरआनची साइटही गेली.

गैरसमज नको. फिल्टर असावा, या मताचा मीही आहे. सीबीएसईने ऑगस्ट 2017 मध्ये शाळांना फायरवॉल आणि फिल्टर बसवायला सांगितलं, ते योग्यच होतं. पण आमच्या लॅबमध्ये चुकून बंद झालेलं पान उघडून कोण देणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सर म्हणाले, कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, शाळेने लिहून द्यावं.

आपल्या मोहल्ल्यातही ‘सगळंच बंद करा, विशेषतः मुलींचं’ म्हणणारे कमी नाहीत. त्यांनी फहीमा शिरीनचा खटला वाचावा. कोझिकोडच्या या विद्यार्थिनीने हॉस्टेलमध्ये संध्याकाळी सहा ते दहा मोबाइल जमा करायला नकार दिला, म्हणून तिला हॉस्टेलबाहेर काढलं. सप्टेंबर 2019 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने निकाल दिला की इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. तिला पुन्हा हॉस्टेलमध्ये घ्यावं लागलं. आणि सूरह नूरमधला नजर झुकवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, मग स्त्रियांना. तो माणसाला आहे, यंत्राला नाही. ती तरबियत घरात आणि वर्गात बोलूनच होते.

मुंब्रा, कौसा, कल्याण, भिवंडीतल्या तरुणांनी एक काम करावं. आरटीई कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते, तिच्यात किमान 75 टक्के पालक असतात. आपल्या अम्मी-अब्बांना, भाभींना त्या बैठकीत पाठवा. त्यांनी विचारावं: कोणते रकाने बंद आहेत, ते कुणी ठरवले, मुलांनी काय शोधलं याची नोंद कोण बघतं, आणि बंद पान उघडायला किती दिवस लागतात?

आमच्याकडे अकरा दिवस लागले. तोवर प्रकल्प जमा करायची तारीख उलटून गेली होती. तिने ‘पाणी वाचवा’ करून दिला.