घरी ठेवा, पण घरी कोण आहे?

(द्वितीय वर्ष, कला)

"पाल्य पूर्ण बरा होईपर्यंत त्यास शाळेत पाठवू नये." माझ्या धाकट्या भावाच्या डायरीत वर्गशिक्षिकांनी तांबड्या शाईने लिहिलेले हे वाक्य. भाऊ पाचवीत शिकतो. वाक्य साधे आहे, शहाणपणाचेही आहे. त्याखाली पालकांची सही हवी होती. आई सकाळी सहालाच पोळ्यांच्या कामावर गेलेली, वडील टेम्पो घेऊन बाहेरगावी. सही मी केली. करता करता मनात आले की, मुलाला घरी ठेवायचे म्हणजे त्याच्याबरोबर आणखी कोणीतरी घरी राहायचे. ते कोणी, हे या वाक्यात कुठेच नाही. आमच्या घरापुरते उत्तर ठरलेले होते. ते म्हणजे मी.

हकिकत अशी. गेल्या फेब्रुवारीत भावाला कांजिण्या आल्या. पण आम्हाला ते दोन दिवसांनी कळले, कारण त्याने ते लपवले. पोटापाठीवरचे फोड शर्टाखाली झाकून तो शाळेत जात राहिला. त्याच्या शाळेत वर्षअखेरीस 'शंभर टक्के उपस्थिती'चे बक्षीस असते. आदल्या वर्षी त्याला त्याबद्दल स्टीलचा डबा मिळाला होता, झाकणावर नाव कोरलेला. यंदाही तो मिळवायचाच, असा त्याचा पण होता. तिसऱ्या दिवशी फोड चेहऱ्यावर उमटले, बाईंच्या लक्षात आले आणि त्याला घरी पाठवण्यात आले.

पंधरवडा उलटला आणि त्याच्या बाकावरचा मित्र आजारी पडला. त्या मुलाची आत्या त्याच वेळी बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. गरोदर बाईला कांजिण्या झाल्या तर तिच्या जिवाला आणि पोटातल्या बाळालाही धोका संभवतो. सुदैवाने आत्याला लहानपणीच कांजिण्या येऊन गेलेल्या होत्या. पण ते नक्की कळेपर्यंत त्या घराने दोन रात्री काळजीत काढल्या. पुढे त्या मुलाची आजी आईला बाजारात भेटली, तेव्हा तिने हे सगळे सांगितले. ती रागावून बोलली नाही, म्हणूनच आईला ते अधिक लागले.

तेव्हा कोणाचा गैरसमज नको. मी नियमाच्या विरुद्ध नाही. आजारी मुलाने घरी राहिले पाहिजे. हे शहाणपण काही आजचे नाही. माझी आजी सांगते, कोणाकडे गोवर-कांजिण्या आल्या की दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधत आणि तो दिसला की येणारा-जाणारा उंबऱ्याबाहेरूनच विचारपूस करून परत फिरे. त्या काळी जंतू ठाऊक नव्हते, पण अंतर ठाऊक होते. आणि आपल्या पिढीला तर हे समजावून सांगायलाच नको. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, त्या आपण भोगल्या आहेत. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची साथ आली आणि त्यात लहानग्यांचे जीव गेले. २०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांच्या साथीने किती वर्ग निम्मे रिकामे झाले, तेही आपण पाहिले. नियम हवाच. माझे म्हणणे एवढेच की, नियम करणाऱ्याने तो पाळता येईल अशी वाटही ठेवायला हवी.

पहिली गोष्ट, सगळ्या आजारांना एकच माप लावणे. भावाच्या शाळेचा नियम होता पंधरा दिवस आणि वर डॉक्टरांचा दाखला. मी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी जे सांगितले, ते मला कोणत्याही शाळेच्या फलकावर दिसलेले नाही. कांजिण्यांचा संसर्ग फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच सुरू होतो आणि सगळ्या फोडांवर खपली धरली की संपतो. याला बहुधा पाच ते सात दिवस लागतात. गोवर पुरळ उठण्याच्या आधी चार दिवस आणि नंतर चार दिवस पसरतो. गालफुगीत सूज आल्यापासून पाच दिवस मुलाला घरी ठेवावे. जुलाब-उलट्या थांबल्यावर दोन दिवस जाऊ द्यावेत. साधा ताप असेल, तर औषधाशिवाय चोवीस तास ताप आला नाही म्हणजे मुलाने शाळेत यायला हरकत नाही. उवांसाठी मुलाला घरी बसवण्याचे तर कारणच नाही. उपचार सुरू करावा आणि शाळेत पाठवावे.

या माहितीतून दोन गोष्टी दिसतात. पुरळ दिसण्याआधीच रोग पसरत असल्याने नियम कितीही कडक केला, तरी तो सगळे थांबवू शकत नाही. माझ्या भावाच्या मित्राला लागण कदाचित फोड दिसण्याच्या आदल्या दिवशीच झालेली असेल. दुसरे असे की, गरजेपेक्षा लांबवलेला नियम कोणाचेही रक्षण करत नाही. भावाच्या खपल्या सातव्या दिवशी धरल्या होत्या. उरलेले आठ दिवस तो अंगणात गोट्या खेळत होता आणि गणितात मागे पडत होता. दुपारचा शाळेतला पोषण आहारही बुडत होता. दाखल्यासाठी डॉक्टरांना दोनशे रुपये दिले, ते निराळेच.

दुसरी गोष्ट बक्षिसाची. एका हाताने शाळा म्हणते, आजारी असाल तर येऊ नका. दुसऱ्या हाताने म्हणते, एकही दिवस न चुकवणाऱ्याला डबा. दहा वर्षांच्या मुलाला यातले कोणते खरे वाटेल? ज्या मुलाला वर्षात कधी ताप आला नाही, त्याचे ते कर्तृत्व नव्हे. आणि जो ताप अंगावर काढून आला, त्याचा गौरव करणे म्हणजे बाकी वर्गाशी वैर करणे होय. माझ्या भावाने फोड लपवले, ही त्याची लबाडी खरी; पण ती लबाडी त्याला शाळेनेच शिकवली, असे मी स्पष्ट म्हणते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती म्हणजे घरी राहणारे माणूस. आई चार घरी पोळ्या करते. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापतात. चार दिवस झाला तर दुसरी बाई ठेवतात. वडिलांचा टेम्पो उभा राहिला तर हप्ता उभा राहत नाही. राज्य सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून मुलांच्या संगोपनासाठी एकूण १८० दिवसांची रजा मिळते. ती मिळाली हे चांगलेच झाले. पण ज्या बाई या रजेवर असतात, त्यांच्याच स्वयंपाकघरात आमच्यासारख्यांची आई पोळ्या लाटत असते. तिचे मूल आजारी पडले, तर तिला कोणती रजा?

मग घरात मोठी मुलगी असते. पंधरा दिवस मी भावाजवळ बसले. कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी तापवले, तो फोड खाजवू नये म्हणून त्याची नखे कापली, पत्ते खेळले. भाऊ बरा झाला, याचा मला आनंद आहे. पण मार्चमध्ये हजेरी कमी असलेल्यांची यादी फलकावर लागली आणि तीत माझे नाव होते. पंचाहत्तर टक्क्यांना तीन टक्के कमी. कार्यालयात मला विचारण्यात आले, "तुमचा वैद्यकीय दाखला आहे का?" मी म्हणाले, "भावाचा आहे." उत्तर आले, "भावाचा चालत नाही." त्या क्षणी मला कळले की, एका शाळेचा नियम पाळल्याबद्दल दुसऱ्या संस्थेच्या नियमाने मला दोषी ठरवले आहे. आमच्या एका प्राध्यापकांनी रदबदली केली, म्हणून परीक्षेला बसता आले. पण ज्यांच्यासाठी शब्द टाकणारे कोणी नसते, अशा मुली याच यादीत होत्या. मी एकेकीला विचारले. एकीची आजी पडून होती, एकीच्या बहिणीचे बाळंतपण झाले होते. यादीतली मुले मात्र बहुतेक वेगळ्याच कारणांनी आली होती; ती कारणे येथे सांगत नाही.

कोणी म्हणेल, शाळेने मुलांना शिकवायचे की लोकांची घरे सांभाळायची? प्रश्न रास्त आहे. पण १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने गेल्या. ज्यांच्यामुळे आम्ही मुली आज बाकावर बसतो, त्यांनी आजाऱ्याची काळजी ही शिक्षणाबाहेरची गोष्ट मानली नाही. एवढा त्याग मी कोणाकडेही मागत नाही. माझ्या मागण्या फार किरकोळ आहेत आणि त्यांना पैसाही लागत नाही.

शाळेने आजारानुसार दिवसांचा तक्ता डॉक्टरांकडून करून घ्यावा आणि जूनमध्येच प्रत्येक घरी द्यावा. साध्या तापासाठी दाखला मागू नये, पालकाचा शब्द मानावा. शंभर टक्के उपस्थितीचे बक्षीस बंद करावे. बक्षीस द्यायचेच असेल, तर आजारी मित्राला रोजचा अभ्यास पोहोचवणाऱ्याला द्यावे. आणि हे अंक वाचणाऱ्या आपल्या प्राध्यापकांना एक विनंती. आपल्या महाविद्यालयाच्या रजेच्या अर्जावर कारणासाठी दोन चौकटी आहेत, 'स्वतःचे आजारपण' आणि 'अन्य'. तिथे तिसरी चौकट छापावी, 'घरातील आजारी माणसाची सेवा'. वर्षातून काही ठरावीक दिवस या कारणासाठी ग्राह्य धरावेत. खोटे अर्ज येतील, अशी शंका घेतली जाईल. येतील थोडे. पण आज खरे कारण सांगण्यासाठी जागाच नसल्याने खोटे दाखले विकत आणले जातात, ते तरी थांबतील.

भावाला या वर्षी डबा मिळाला नाही. तो दोन दिवस रुसला होता. परवा त्याला पुन्हा कणकण आली, तेव्हा त्याने आपण होऊन आईला सांगितले, "आज मी शाळेत जात नाही." आईने त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि मग माझ्याकडे पाहिले. त्या दिवशी माझी चाचणी परीक्षा होती. डायरीतल्या त्या तांबड्या ओळीने या प्रश्नाचा विचार केव्हातरी करावा, म्हणून हा लेख.